विद्यापीठाच्या आयटीचे शब्द: एसएसओ, व्हीपीएन, प्रॉक्सी, एज्युरोम... कधी काय वापरायचं?

नवा_रिसर्चवाला:
नमस्कार मंडळी. पीएचडीला नुकताच लागलोय. विद्यापीठाच्या आयटी विभागाकडून सारखे मेल येतायत आणि प्रत्येकात नवीन शब्द. एसएसओने लॉगिन करा, एमएफए चालू करा, कॅम्पसबाहेर असाल तर व्हीपीएन लावा, लायब्ररीवाले म्हणतात प्रॉक्सी वापरा, वायफायला एज्युरोम, कोर्ससाठी एलएमएस, अडलं तर तिकीट टाका. फुलफॉर्म गूगलवर मिळतात, ते नकोयत मला. हे सगळं एकमेकांना जोडलेलं कसं आहे आणि कुठल्या वेळी कशाला हात घालायचा ते कळत नाहीये.

आत्ताची अडचण सांगतो. खोलीवरून व्हीपीएन लावला, कनेक्टेड दाखवतंय, तरी जर्नलच्या साइटवर पेपर उघडला की पैसे मागतंय. तोच पेपर लायब्ररीच्या पानावरून शोधला तर सरळ उघडतो. मग व्हीपीएन नक्की करतो काय? दुसरं म्हणजे एलएमएसमध्ये लॉगिन होतंय पण एक कोर्स दिसतच नाहीये, पासवर्ड बदलून पाहिला तरी नाही. कुणीतरी सावकाश समजावून सांगा.

सर्व्हररूम:
तुझ्या दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत आणि दोन्हींत पासवर्डचा काही संबंध नाही, त्यामुळे तो परत परत बदलू नकोस. मी एका विद्यापीठात लॉगिन आणि अकाउंटचं काम बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलीही सिस्टीम तुला आत घेताना तीन गोष्टी बघते: तू कोण, तू कुठून आलायस आणि तुला इथे परवानगी कशाची आहे. युजरनेम, पासवर्ड, एसएसओ (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश), एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा) हे सगळं पहिल्यात येतं. आयपी अ‍ॅड्रेस, व्हीपीएन, प्रॉक्सी हे दुसऱ्यात, आयपी म्हणजे इंटरनेटवर तुझ्या कनेक्शनचा आकडी पत्ता. आणि रोल, ग्रुप, एनरोलमेंट, लायसन्स हे तिसऱ्यात. काही अडलं की आधी एवढंच शोधायचं की यातल्या कुठल्या ठिकाणी अडलंय, कारण उपाय त्यावर ठरतो आणि कुणाकडे जायचं तेही त्यावरच ठरतं.

तुझा कोर्स घे. लॉगिन झालं म्हणजे तू कोण हे सिस्टीमला पटलं. कोर्स दिसत नाही म्हणजे त्या कोर्सच्या यादीत तुझं नाव अजून आलेलं नाही. एलएमएस म्हणजे मूडल किंवा त्यासारखं जे काही तुमच्याकडे असेल ते, त्याच्याकडे विद्यार्थ्यांची स्वतःची अशी यादी सहसा नसते, ती प्रवेश आणि नोंदणीच्या मूळ सिस्टीममधून येते, आणि बऱ्याच ठिकाणी ही यादी ठरावीक वेळानेच पुढे ढकलली जाते, रात्रीतून एकदा वगैरे. म्हणजे आज नोंदणी केली तर कोर्स उद्या दिसेल. दोन-तीन दिवस गेले तरी नसेल तर आयटीला नको, तुझ्या डिपार्टमेंटच्या ऑफिसला किंवा नोंदणी विभागाला विचार, नाव तिथेच राहिलं असणार. किंवा प्राध्यापकांनी कोर्स तयार केलाय पण विद्यार्थ्यांसाठी अजून उघडला नाहीये, हेही खूप होतं. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला दिसतोय का एवढं विचारलं की लगेच कळतं.

आता एसएसओ. हे एकदा डोळ्यांनी बघच. एलएमएसची साइट उघड, लॉगिनवर क्लिक कर आणि वरच्या अ‍ॅड्रेस बारकडे लक्ष ठेव. पत्ता बदलतो. तू एलएमएसवरून उठून विद्यापीठाच्या लॉगिन सर्व्हरवर येतोस, पासवर्ड तिथे देतोस, आणि तो सर्व्हर तुला परत एलएमएसकडे पाठवतो, सोबत एक सही केलेली चिठ्ठी देऊन, की हा अमुक माणूस आमचा आहे, पीएचडीचा विद्यार्थी आहे. एलएमएस ती सही तपासतं आणि आत घेतं. तुझा पासवर्ड एलएमएसला कधी दिसतच नाही. या चिठ्ठीचा नमुना ठरलेला आहे, सॅमल म्हणतात त्याला, त्याची २.० आवृत्ती २००५ सालची आणि अजून विद्यापीठांमध्ये तीच चालते.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, विद्यापीठाचा पासवर्ड फक्त त्या एका लॉगिन पानावर टाकायचा. पानाचा रंग, लोगो कुणीही हुबेहूब उचलू शकतं, पत्ता नाही उचलता येत. दुसरी, एलएमएसमधून लॉगआउट केलं तरी लॉगिन सर्व्हरवरचं सेशन बऱ्याचदा चालूच राहतं. लॅबच्या कॉम्प्युटरवर बसला असशील आणि फक्त एलएमएस बंद करून उठलास तर पुढचा माणूस मेलवर क्लिक करेल आणि तुझा मेल उघडेल, पासवर्ड न विचारता. तिथे त्या कॉम्प्युटरमधूनच साइन आउट करायचं.

व्हीपीएनचं लायब्ररीवालं कुणी असेल तर जास्त चांगलं सांगेल.

पुस्तकघर:
मी आहे लायब्ररीत. हा प्रश्न आम्हाला सत्र सुरू झालं की सतत येतो आणि विचारणाऱ्याची काही चूक नसते.

प्रकाशक पेपर फुकट देतो तो तुम्हाला ओळखतो म्हणून नाही. विद्यापीठाने त्या जर्नलचं सबस्क्रिप्शन घेतलेलं असतं आणि करारात लिहिलेलं असतं की अमुक ते अमुक आयपी अ‍ॅड्रेसवरून जो येईल त्याला उघडू द्या. कॅम्पसवर बसून साइट उघडली की तुमचा आयपी त्या रेंजमधला दिसतो, दार उघडतं. खोलीवरून गेलात की तुमच्या घरच्या इंटरनेटवाल्याचा आयपी दिसतो, मग पैसे मागतं.

आता व्हीपीएन. तो तुमच्या कॉम्प्युटरपासून विद्यापीठापर्यंत एक एन्क्रिप्टेड बोगदा काढतो. पण त्या बोगद्यातून जायचं काय काय, हे आयटीवाले ठरवतात. फुल टनेल असेल तर सगळंच ट्रॅफिक विद्यापीठातून फिरून बाहेर पडतं आणि प्रकाशकाला विद्यापीठाचा आयपी दिसतो. स्प्लिट टनेल असेल तर फक्त विद्यापीठाच्या आतल्या सर्व्हरकडे जाणारं ट्रॅफिक बोगद्यातून जातं आणि बाकी सगळं, म्हणजे जर्नलची साइटसुद्धा, नेहमीच्या रस्त्याने थेट जाते. स्प्लिट ठेवण्याचं कारण साधं आहे, हजारो लोकांचे व्हिडिओ आणि अपडेट विद्यापीठाच्या लाइनवरून कशाला फिरवायचे. तुमच्याकडे जे दिसतंय ते मला तरी सरळ स्प्लिट टनेलचं लक्षण वाटतंय. व्हीपीएन नीट चालू आहे, फक्त जर्नल त्यातून जात नाहीये. खात्री करायची असेल तर व्हीपीएन लावायच्या आधी आणि नंतर, तुमचा आयपी दाखवणारी एखादी साइट उघडून बघा, आकडा तोच राहिला तर स्प्लिट. काही व्हीपीएन क्लायंटमध्ये दोन प्रोफाइल दिलेली असतात, त्यात फुल निवडता येतं.

लायब्ररीच्या पानावरून उघडतो ते प्रॉक्सीमुळे. तिथून लिंक उघडली की पत्ता बघा, जर्नलच्या डोमेनमागे आमच्या प्रॉक्सीचं नाव चिकटलेलं दिसेल, आणि मधल्या टिंबांच्या जागी बऱ्याचदा आडव्या रेघा आलेल्या असतात. म्हणजे तुम्ही जर्नलकडे गेलाच नाहीत, तुमच्या वतीने आमचा सर्व्हर गेला, पान घेऊन आला आणि तुम्हाला दाखवलं. ब्राउझरशिवाय काही लागत नाही, इन्स्टॉल करायला काही नाही. म्हणून पेपर वाचायला प्रॉक्सी, आणि विद्यापीठाच्या आतला सर्व्हर, लायसन्सचं सॉफ्टवेअर, शेअर्ड ड्राइव्ह यांच्यासाठी व्हीपीएन असं ढोबळ धरून चाला.

तिसरा रस्ता पण आहे आणि हळूहळू तोच जास्त वापरला जातोय. बऱ्याच प्रकाशकांच्या साइटवर संस्थेमार्फत लॉगिन असं बटण असतं. त्यात तुमचं विद्यापीठ शोधायचं, की तुम्ही वर सर्व्हररूम यांनी सांगितलेल्या त्याच लॉगिन पानावर येता आणि तशीच चिठ्ठी घेऊन प्रकाशकाकडे परत जाता. इथे आयपीचा प्रश्नच नाही. यामागे बऱ्याच ठिकाणी शिबोलेथ नावाचं सॉफ्टवेअर असतं, तुमच्या लॉगिनच्या पत्त्यात कधी ते नाव दिसलं तर घाबरू नका.

दोन विनंत्या. एखाद्या मित्राला पेपर पाठवताना ती प्रॉक्सीवाली लांबलचक लिंक पाठवू नका, त्याच्याकडे आमचं लॉगिन नसेल तर त्याला काहीच दिसणार नाही. डीओआय पाठवा, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर, १०. ने सुरू होणारा, मग तिरकी रेघ आणि पुढे प्रकाशकाने दिलेलं काहीतरी. जर्नल विकलं गेलं, साइट बदलली तरी नवीन पत्त्याची नोंद केली की डीओआय तिकडेच नेतो. आणि दुसरी, मनापासूनची: स्क्रिप्ट लावून एका झटक्यात शेकडो पेपर उतरवू नका. प्रकाशकाच्या सिस्टीमला ते चोरीसारखं दिसतं आणि ते आमचा प्रॉक्सीचा आयपीच बंद करतात. मग एका माणसामुळे अख्ख्या विद्यापीठाचं जर्नल बंद, परीक्षेच्या किंवा थीसिस सबमिशनच्या तोंडावर झालं तर काय होतं ते मी पाहिलंय. टेक्स्ट मायनिंगसाठी (प्रोग्रॅमने ढीगभर पेपर चाळून माहिती काढायला) खरंच मोठा साठा हवा असेल तर आम्हाला येऊन सांगा, त्यासाठी कित्येक प्रकाशकांकडे वेगळी एपीआयची सोय, म्हणजे प्रोग्रॅमने थेट मजकूर मागायचा अधिकृत रस्ता, असते, आम्ही मिळवून देतो.

नवा_रिसर्चवाला:
पुस्तकघर ताई, खूपच आभार. आयपी तपासला, व्हीपीएन लावून पण तोच आकडा आला, म्हणजे स्प्लिटच. आणि कोर्स बाकीच्यांना दिसतोय, मला नाही, उद्या ऑफिसात जातो.

आता एज्युरोम. फोनवर लागलं, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉपवर सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का असं काहीतरी विचारतंय. एक सीनियर म्हणाला की डू नॉट व्हॅलिडेट निवड आणि पुढे जा. करू का? आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठात कॉन्फरन्सला जायचंय, तिथे हेच चालतं म्हणतात, ते कसं काय?

लाल_केबल:
नको करूस! खाली सांगतो का ते.

एज्युरोमची कल्पना २००२ च्या सुमारास युरोपातल्या संशोधन नेटवर्कवाल्यांनी काढली, एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला तर त्याला वायफायसाठी ऑफिसात फॉर्म भरत बसायला लागू नये म्हणून. आता शंभराहून जास्त देशांत आहे. मला व्यक्तिशः इंटरनेटवरच्या सगळ्यात सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते ही, कारण कुणी एक मालक नाही, सगळी विद्यापीठं एकमेकांवर विश्वास ठेवून चालवतात.

होतं असं. तू पाहुणा म्हणून दुसऱ्या विद्यापीठात फोन चालू केलास. तिथलं वायफाय तुझं युजरनेम बघतं, त्यातला अ‍ॅटच्या पुढचा भाग, म्हणजे तुझ्या विद्यापीठाचं डोमेन. हा आपला नाही म्हटल्यावर ते विचारणा वर राष्ट्रीय पातळीच्या सर्व्हरकडे पाठवतं, तो पुढे, असं करत करत ती तुझ्या स्वतःच्या विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत पोचते. पासवर्ड तपासतो तो तुझा सर्व्हर. उत्तर फक्त हो किंवा नाही एवढं परत येतं आणि हे सगळं दोन-चार सेकंदांत. पासवर्ड तुझ्या फोनपासून तुझ्या विद्यापीठापर्यंत एन्क्रिप्टेड जातो, मधल्या कुणालाही, पाहुणचार करणाऱ्या विद्यापीठालाही, तो दिसत नाही.

पण हे तेव्हाच खरं, जेव्हा तुझं डिव्हाइस समोरचा सर्व्हर खरंच तुझ्या विद्यापीठाचा आहे का हे तपासतं. ते तपासायचं साधन म्हणजे ते सर्टिफिकेट. तू व्हॅलिडेट करू नको म्हणालास, तर कुणीही बॅगेत छोटा राउटर घेऊन, एज्युरोम याच नावाचं वायफाय चालू करून कॅन्टीनमध्ये बसू शकतो, आणि तुझा लॅपटॉप आपणहून त्याला जोडायला जाईल, तुझ्या नकळत. आणि हा पासवर्ड फक्त वायफायचा नाही, बहुतेक ठिकाणी तोच मेलचा, तोच मार्कांच्या पोर्टलचा.

म्हणून हाताने सेटिंग करायचंच नाही. एज्युरोमचं स्वतःचं कॅट नावाचं इन्स्टॉलर आहे, किंवा गेटएज्युरोम नावाचं ॲप. त्यात तुझं विद्यापीठ निवडायचं, ते सर्टिफिकेटसकट सगळं नीट बसवून देतं. आधी लॅपटॉपवरचं जुनं एज्युरोमचं सेटिंग पूर्ण काढून टाक, मगच ते चालव, नाहीतर जुनंच पुढे येत राहतं.

कॉन्फरन्सला जायच्या आधी दोन गोष्टी. युजरनेम पूर्ण टाकलंय ना ते बघ, अ‍ॅट आणि डोमेनसकट. आपल्या कॅम्पसवर काही ठिकाणी नुसत्या युजरनेमवर पण चालून जातं, कारण सर्व्हर जवळच असतो, आणि मग परक्या ठिकाणी गेल्यावर ते अडकतं, कारण विचारणा कुणाकडे पाठवायची हेच तिथल्या सर्व्हरला कळत नाही. दुसरं, आपल्याच कॅम्पसवर एकदा जोडून बघ. इथे लागलं तर तिथेही लागायची शक्यता खूप. तिथे जाऊन पहिल्यांदा सेट करायला गेलास तर इन्स्टॉलर उतरवायला इंटरनेट लागेल आणि तेच नसेल.

हॉस्टेल_वायफाय:
लाल_केबल यांना जोडून. पासवर्ड बदलला की सगळ्या डिव्हाइसवरचा वायफायचा सेव्ह केलेला पासवर्ड पण बदला, आठवणीने. जुना टॅब बॅगेत पडलेला असतो, तो दर काही मिनिटांनी जुन्या पासवर्डने एज्युरोम जोडायचा प्रयत्न करत राहतो, सिस्टीमला वाटतं कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय आणि अकाउंट लॉक करते. मग मेलही बंद, पोर्टलही बंद. हेल्पडेस्कने अनलॉक करून दिलं तरी थोड्या वेळाने परत लॉक. माणूस हैराण होतो आणि कारण बॅगेत असतं.

आणि ज्यांच्या हॉस्टेलला डिव्हाइसचा मॅक अ‍ॅड्रेस रजिस्टर करायला लावतात (मॅक म्हणजे डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा ओळख आकडा) त्यांच्यासाठी: हल्लीचे फोन प्रायव्हसीसाठी खरा मॅक अ‍ॅड्रेस लपवतात आणि प्रत्येक वायफायला वेगळा बनावट दाखवतात. आयफोनवर हे २०२० पासून आहे, अँड्रॉइडवर त्याच्या जरा आधीपासून. रजिस्टर केलेला आकडा आणि फोन दाखवतो तो आकडा जुळला नाही की नेट चालत नाही. त्या एकाच वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट किंवा रँडम अ‍ॅड्रेस बंद करा, बाकी सगळीकडे चालू राहू द्या, चांगली गोष्ट आहे ती.

थीसिस_चालू:
मी साठवणुकीबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि थीसिसच्या शेवटच्या टप्प्यावर लोक रडतात.

क्लाउड ड्राइव्हला सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. लॅपटॉपवर चॅप्टर डिलीट झाला तर क्लाउडमधूनही जातो, फाइल करप्ट झाली तर करप्ट फाइल वर जाते. रीसायकल बिन आणि व्हर्जन हिस्ट्री असते, ती वाचवते, पण ठरावीक दिवसच. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, जिला मूळ फाइलीतली गडबड आपोआप लागत नाही. एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, आठवड्याला एकदा जोडा, कॉपी झाली की काढून वेगळ्या जागी ठेवा.

कोटा म्हणजे तुमच्या वाट्याची जागा. जुने सीनियर सांगतील की विद्यापीठाच्या गूगल अकाउंटवर अनलिमिटेड जागा मिळते. मिळायची. गूगलने २०२१ मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं आणि २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीपासून सुरुवात असा हिशोब आला. मोठ्या विद्यापीठात माणशी वाटणी केली तर फार थोडं येतं, म्हणून आता सगळीकडे कोट्याचे मेल येतायत. त्यात आयटीवाल्यांचा दोष नाही.

आणि फाइल कुणाच्या मालकीच्या ड्राइव्हमध्ये आहे ते बघा. लॅबचा एकत्र डेटा एका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवून बाकीच्यांना शेअर केलेला असतो, तो पास होऊन गेला, त्याचं अकाउंट बंद झालं, की सगळ्यांचाच डेटा जातो. लॅबचं जे आहे ते शेअर्ड ड्राइव्हमध्येच हवं, तिथे मालकी ग्रुपची असते. गाइडना आजच विचारा.

रांगेत_जॉब:
पीएचडीत कॉम्प्युटिंग करावं लागणार असेल तर क्लस्टरबद्दल थोडंसं. क्लस्टर म्हणजे मोठ्या गणितांसाठी एकत्र जोडलेले बरेच कॉम्प्युटर, त्यातला प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे नोड. क्लस्टरला लॉगिन केल्यावर तुम्ही जिथे उतरता तो लॉगिन नोड. तो सगळ्यांचा मिळून एक किंवा दोनच असतात, फाइल एडिट करायला आणि जॉब पाठवायला. मोठा प्रोग्रॅम तिथेच चालू केला की बाकी सगळ्यांचं टायपिंगसुद्धा अडकतं आणि अ‍ॅडमिन तुमचा प्रोग्रॅम बंद करून मेल पाठवतो. खरं काम कॉम्प्युट नोडवर. त्यासाठी जॉब स्क्रिप्ट लिहायची, त्यात किती कोअर, किती मेमरी, किती वेळ लागेल ते सांगायचं आणि रांगेत टाकायची. रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी स्लर्म असतं. वेळ गरजेपेक्षा फार जास्त मागितला तर जॉब रांगेत जास्त पडून राहतो, कारण मोठं रिकामं भोक मिळायला वेळ लागतो, आणि कमी मागितला तर वेळ संपला की जॉब मधेच मारला जातो. आधी छोट्या डेटावर चालवून अंदाज घ्या.

स्क्रॅच नावाची जी मोठी जागा असते तिथे निकाल ठेवून देऊ नका. तिचा बॅकअप नसतो आणि जुन्या फाइली बहुतेक ठिकाणी आपोआप पुसल्या जातात. जॉब संपला की कामाचं ते उचलून आपल्या जागी न्यायचं.

नवा_रिसर्चवाला:
इन्स्टॉलरने एज्युरोम लॅपटॉपवर लागलं. आता एमएफएचं सांगा कुणीतरी. ॲपमध्ये सहा आकडे येतात ते इंटरनेट बंद असतानाही येतात, मग सर्व्हरला ते कळतात कसे? आणि फोन हरवला किंवा बदलला तर?

सर्व्हररूम:
चांगला प्रश्न. सुरुवातीला तू जो क्यूआर कोड स्कॅन केलास त्यात एक गुप्त किल्ली होती. ती एक प्रत फोनमध्ये, एक सर्व्हरवर. दोघंही ती किल्ली आणि आत्ताची वेळ घेऊन एकच गणित करतात, म्हणून दोघांना तोच आकडा येतो. साधारण दर ३० सेकंदांनी वेळेचा टप्पा बदलतो, आकडा बदलतो. दोघांमध्ये बोलणं काहीच होत नाही, म्हणून इंटरनेट लागत नाही. आणि म्हणूनच फोनचं घड्याळ हाताने पुढे-मागे केलेलं असेल तर कोड चुकीचा निघतो. तेव्हा वेळ ऑटोमॅटिकवर ठेव.

फोन बदलायचा असेल तर जुना हातात असतानाच नवीन जोडून घे. नुसतं सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून ॲपमधली किल्ली येत नाही. रिकव्हरी कोड देतात ते आत्ताच कागदावर उतरवून फोनपासून लांब ठेव, आणि जमलं तर दुसरं साधन पण जोडून ठेव, यूएसबीची सिक्युरिटी की असेल तर उत्तम. ती तर फसवतच येत नाही, कारण ज्या डोमेनला जोडली त्याच डोमेनला उत्तर देते, बनावट पानावर ती गप्प बसते. सहा आकडे मात्र बनावट पानावर माणूस स्वतःच्या हाताने टाईप करून देऊ शकतो.

मंजूर करा अशी नोटिफिकेशन येणारा प्रकार असेल आणि तू लॉगिन करत नसताना ती आली, तर त्याचा अर्थ तुझा पासवर्ड आधीच कुणाकडे तरी गेलाय. नाकारायचं, लगेच पासवर्ड बदलायचा आणि आयटीला कळवायचं. रात्री दहा वेळा आली आणि कंटाळून हो दाबलं, अशाने मोठमोठ्या ठिकाणी घुसखोरी झालेली आहे.

पुस्तकघर:
यात माझी एक भर. ऑर्किड आयडी काढला नसेल तर काढून घ्या, १६ खुणांचा असतो, चार-चारच्या गटात, शेवटची खूण कधी एक्स पण असते. २०१२ पासून ही सेवा आहे आणि आता बरीच जर्नल पेपर पाठवताना तो मागतातच. सारख्या नावाचे संशोधक ढीगभर असतात, तुमचे पेपर तुमच्याच नावावर राहायला तो उपयोगी. पण तो विद्यापीठाच्या एकट्या मेलवर काढू नका, स्वतःचा मेल पण त्यात जोडा. विद्यापीठ सोडलं की तो मेल बंद होतो आणि पासवर्ड विसरला असाल तर परत आत जाता येत नाही. पेपरवर संपर्कासाठी जो मेल देता त्याचंही हेच, पाच वर्षांनी कुणी डेटा मागितला तर पोचेल असा एक पत्ता हवा.

नवा_रिसर्चवाला:
एक शेवटचं विचारतो. मी टाकलेल्या तिकिटाला रिप्लाय आला की अधिक माहिती द्या, आणि तिकीट बंद. मी लिहिलं होतं की व्हीपीएन चालत नाही. अजून काय लिहायचं असतं?

लाल_केबल:
समोरच्या माणसाला लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदवहीत, तुझी नोंद शोधता आली पाहिजे, त्यासाठी जे लागतं ते लिहायचं. तुझंच उदाहरण घेऊन:

"माझं युजरनेम अमुक. मंगळवारी रात्री सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान, हॉस्टेलबाहेरून, मोबाइल हॉटस्पॉटवर विंडोज ११ च्या लॅपटॉपवरून व्हीपीएन जोडला. कनेक्टेड आलं. विद्यापीठाचा आतला सर्व्हर उघडतो. पण जर्नलची साइट पैसे मागते आणि बाहेरून दिसणारा आयपी व्हीपीएनच्या आधी आणि नंतर तोच आहे. दुसऱ्या ब्राउझरवर पण तेच झालं. स्क्रीनशॉट जोडला आहे."

हे वाचून हेल्पडेस्कवाला एका ओळीत उत्तर देईल. वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण लॉगमध्ये लाखो ओळी असतात आणि वेळेवरूनच तुझी ओळ सापडते. एरर आला असेल तर तो शब्दशः लिहायचा किंवा अख्ख्या स्क्रीनचा फोटो, नुसत्या लाल पट्टीचा नको, वरचा पत्ता पण दिसला पाहिजे. काय चालतंय ते पण लिहायचं, काय चालत नाही एवढंच नको. पासवर्ड मात्र लिहायचा नाही, खरा हेल्पडेस्क तो मागतच नाही.

आणि रिप्लाय करताना सब्जेक्टमधला तिकीट नंबर तसाच ठेव. त्यावरूनच तुझा मेल जुन्या तिकिटाला जोडला जातो, तो नंबर गेला की नवीन तिकीट तयार होतं, आधीचं सगळं लिहिलेलं वेगळीकडे राहतं आणि तू परत रांगेत शेवटी.